व्हिडिओ गेममधले नट

२०२५ साली गाजलेल्या 'क्लेअर ऑब्स्क्यूर: एक्स्पिडिशन ३३' या फ्रेंच गेममध्ये गुस्ताव नावाचं पात्र आहे. त्याला इंग्रजीत आवाज दिला चार्ली कॉक्सने, म्हणजे 'डेअरडेव्हिल' मालिकेतल्या नायकाने. गेम गाजला, गुस्ताव लोकांना आवडला आणि चाहते कॉक्सच्या अभिनयाचं कौतुक करू लागले. तेव्हा त्याने जाहीरपणे सांगितलं, की स्टुडिओत आपण जेमतेम काही तास होतो. गुस्तावच्या हालचाली मॅक्सन्स काझोर्ला या नटाच्या आहेत आणि कौतुकाचा धनी तो आहे. नामवंत नटाने हे इतक्या सरळपणे बोलावं याचं मला फार मोल वाटतं. गेममधल्या अभिनयाची चर्चा आजही बहुतेक नावांभोवती फिरते. ट्रेलरमध्ये सिनेमातला ओळखीचा चेहरा दिसला की टाळ्या पडतात. तो चेहरा प्रत्यक्ष गेममध्ये काय काम करतो, हे विचारायला फारसं कुणी थांबत नाही.

कुडाळजवळच्या पिंगुळीत ठाकर समाजाने जपलेला कळसूत्री बाहुल्यांचा खेळ आठवावा. बाहुली लाकडाची, गळा गाणाऱ्याचा, हालचाल दोऱ्या धरणाऱ्याची, आणि पाहणाऱ्याला मात्र एकच जिवंत पात्र दिसतं. गेममधलं पात्रही असंच अनेकांचं मिळून होतं, फक्त इथे दोऱ्या प्रेक्षकाच्या हातात दिलेल्या असतात. सिनेमातल्या नटाचं काम पूर्ण होऊन मगच पडद्यावर येतं. गेममधल्या नटाचं काम खेळणाऱ्याचं बोट बटणावर पडेपर्यंत अपुरं असतं. हे अपुरेपण ओळखून जो गेम आपल्या नटाला वापरतो तिथे अभिनय फळतो, नट हॉलिवूडचा असो की कुणाला ठाऊक नसलेला. जिथे ते ओळखलं जात नाही, तिथे मोठ्यातला मोठा तारासुद्धा जाहिरातीपुरता उरतो.

याचं सर्वांत स्वच्छ उदाहरण ज्या गेममध्ये मिळतं त्यात एकही तारा नाही. स्वीडनमध्ये चित्रपट करून गेमकडे वळलेल्या जोसेफ फारेस या दिग्दर्शकाचा 'ब्रदर्स: अ टेल ऑफ टू सन्स' २०१३ साली आला. दोन भाऊ आजारी बापासाठी औषध आणायला निघतात. ते एका काल्पनिक भाषेत बोलतात, त्यामुळे संवादातला एक शब्दही आपल्याला कळत नाही. कंट्रोलरची डावी स्टिक म्हणजे थोरला भाऊ, उजवी म्हणजे धाकटा. धाकट्याला पाण्याची भीती. पोहायची वेळ आली की तो थोरल्याच्या पाठीला धरतो. शेवटाकडे थोरला मरतो. डावा हात रिकामा पडतो. पुढे नदी आडवी येते आणि धाकटा काठावरच अडतो, काही केल्या पाण्यात उतरत नाही. मग खेळणाऱ्याला सुचतं आणि तो मेलेल्या भावाचं बटण दाबतो. पोरगा पाण्यात शिरतो. शोक आणि धीर दोन्ही इथे डाव्या हाताच्या बोटाला कळतात. कुठल्याही नटाला हे एकट्याने साधणार नाही, कारण यातला निम्मा अभिनय खेळणाऱ्याने करायचा आहे.

सिनेमाच्या नटांना गेममध्ये आणायची हौस जुनी आहे. सीडीवर चित्रीकरण मावू लागलं तेव्हा, १९९४ साली, 'विंग कमांडर ३'मध्ये मार्क हॅमिल आणि माल्कम मॅकडॉवेल प्रत्यक्ष दिसले. अंतराळयान उडवायचं, मग हात मांडीवर ठेवून प्रसंग पाहायचा. सिनेमा आणि खेळ एका छपराखाली राहिले, पण त्यांचा संसार जुळला नाही. २००२च्या 'जीटीए: व्हाइस सिटी'त रे लिओटाच्या आवाजाने टॉमी व्हर्सेटीला जी खुन्नस दिली ती मला आजही कानांत जाणवते. पुढे 'एल. ए. नॉयर'ने (२०११) चेहऱ्यालाच खेळ बनवलं. नटाभोवती ३२ कॅमेरे लावून त्याचा चेहरा टिपला आणि साक्षीदार खरं बोलतो की खोटं, हे त्या चेहऱ्यावरून ठरवण्याचं काम खेळणाऱ्याला दिलं. कल्पना अव्वल होती. पण खोटं पकडता यावं म्हणून नटांना ते ठळक करून दाखवावं लागलं, आणि शरीराच्या हालचाली वेगळ्या टिपल्यामुळे जिवंत डोकं निर्जीव खांद्यांवर बसवल्यासारखं दिसलं. तरीही त्या वाटेने पुढे फारसं कुणी गेलं नाही याची मला हळहळ वाटते.

'डेस्टिनी'त (२०१४) पीटर डिंकलेजला घेतलं ते सोबतच्या छोट्या यंत्राला आवाज देण्यासाठी. बिचाऱ्याच्या वाट्याला दार उघडतो, माहिती काढतो, शत्रू आले असल्या सूचना आल्या. वर्षभरात त्याचं सगळं काम काढून नोलन नॉर्थच्या आवाजात पुन्हा ध्वनिमुद्रित केलं गेलं. वर्षानुवर्षं चालणाऱ्या गेमला सतत हाताशी असणारा नट लागतो, हा त्यातला व्यवहार. 'मेटल गिअर सॉलिड ५'मध्ये (२०१५) नायकाला आधी आवाज देणाऱ्या डेव्हिड हेटरला बाजूला सारून कीफर सदरलँडला आणलं आणि नायकाला जवळजवळ मुकं ठेवलं. 'कॉल ऑफ ड्यूटी'तले केव्हिन स्पेसी आणि किट हॅरिंग्टन हे खलनायक तर भित्तिपत्रकांवरच जास्त शोभले.

याउलट 'रेड डेड रिडेम्प्शन २'चा (२०१८) आर्थर मॉर्गन. रॉजर क्लार्क हे नाव त्याआधी कुणी ऐकलं नव्हतं. कर्जवसुलीसाठी एका आजारी माणसाला मारताना आर्थरला क्षयाची लागण होते, आणि ती मारहाण खेळणाऱ्यालाच करावी लागते. पुढे खोकला सुरू होतो, निदान होतं, अंग झडतं. क्लार्कचा आवाज तासन् तास आपल्यासोबत घोड्यावर असतो. आर्थर रस्त्यावरच्या अनोळखी माणसाशी गोड बोलेल की तुसडेपणाने, हे आपण ठरवतो आणि दोन्ही वेळा तो आर्थरच वाटायला हवा. एका माणसाची चांगली आणि वाईट अशी दोन्ही आयुष्यं एकाच तोलाने वठवून ठेवायची, त्यातलं कुठलं जगायचं ते दुसराच कुणी निवडणार, हे काम रंगभूमीने किंवा सिनेमाने नटाकडे क्वचितच मागितलं आहे. रेल्वे स्टेशनावर आर्थर एका जोगिणीपाशी मरणाची भीती कबूल करतो. तो प्रसंग आधी नीट वागलेल्यालाच भेटतो. मला तो या कलेतला आजवरचा सर्वोत्तम अभिनय वाटतो.

'द लास्ट ऑफ अस'मुळे तुलना आणखी सोपी झाली, कारण तीच गोष्ट दोन्ही माध्यमांत आहे. २०१३च्या गेममध्ये जोएल आणि एली हे ट्रॉय बेकर आणि अॅशली जॉन्सन. २०२३च्या मालिकेत पेद्रो पास्कल आणि बेला रॅम्झी. पास्कल उत्तम नट आहे आणि त्याच्या थकलेल्या डोळ्यांबद्दल माझी काही तक्रार नाही. पण हॉस्पिटलचा प्रसंग पाहा. मालिकेत जोएल डॉक्टरला गोळी घालतो आणि आपण हादरतो. गेममध्ये डॉक्टर हातात सुरी घेऊन उभा राहतो आणि मग काहीच होत नाही. तुम्ही त्याला मारेपर्यंत गोष्ट पुढे सरकतच नाही. पुढे जोएल एलीला जे खोटं सांगतो, त्यात बेकरच्या आवाजाबरोबर खेळणाऱ्याचा अपराधही मिसळलेला असतो. मालिका चांगली असूनही पास्कलला हा भागीदार मिळत नाही.

तारे नकोतच, असं मात्र मी म्हणणार नाही. 'सायबरपंक २०७७'मध्ये (२०२०) किआनू रीव्ह्ज हा जॉनी सिल्व्हरहँड म्हणून नायकाच्या मेंदूतल्या चिपमध्ये राहतो. तो फक्त आपल्यालाच दिसतो. भिंतीला टेकून, समोरच्या खुर्चीत बसून आपल्या प्रत्येक निर्णयावर बोट ठेवतो. कटसीनमध्ये, म्हणजे नुसत्या पाहायच्या प्रसंगांत, कोंडलेला तारा न राहता तो खेळणाऱ्याशी भांडणारा सोबती होतो, म्हणून रीव्ह्ज इथे शोभतो. तरी एक गोष्ट सांगायलाच हवी. गेमचा नायक व्ही, त्याचा चेहरा आपल्याला क्वचितच दिसतो. त्याला उभं केलं ते शेरामी ली आणि गॅव्हिन ड्रेआ यांनी, केवळ आवाजावर. गेमचा सगळा भार त्या दोघांनी वाहिला आणि नाव झालं रीव्ह्जचं.

हिदेओ कोजिमाच्या 'डेथ स्ट्रँडिंग'मध्ये (२०१९) हाच भेद एका गेमच्या आत दिसतो. मॅड्स मिकेलसन कटसीनमध्ये अप्रतिम आहे, पण तो अभिनय आपण बघतो. नॉर्मन रीडसचा सॅम पाठीवर ओझी घेऊन डोंगर चढतो, तोल जातो, आपण बटणं घट्ट धरून त्याला सावरतो. त्याच्या धापेशी आपला श्वास जुळतो. 'द गेम अवॉर्ड्‌स'चा अभिनयाचा पुरस्कार मिकेलसनला मिळाला. मी तो रीडसला दिला असता.

त्याच पुरस्काराची २०१७ ते २०२५ची यादी पाहिली तर सिनेमाचा तारा एकटा मिकेलसन दिसतो. मेलिना युर्गन्स यादीत दोनदा आहे. निंजा थिअरी या ब्रिटिश स्टुडिओत ती व्हिडिओ एडिटर होती. 'हेलब्लेड' या गेमच्या चाचण्यांपुरती तिला कॅमेऱ्यासमोर उभं केलं आणि नायिका सेनुआची भूमिका तिच्याकडेच राहिली. सेनुआला भास होतात, आवाज ऐकू येतात. हेडफोन लावून खेळताना ते आवाज आपल्याही डोक्यात बोलतात, लढाईत पाठीमागच्या शत्रूची सूचनाही देतात. युर्गन्सचे भेदरलेले डोळे आणि आपले कान मिळून एकच भूमिका करतात.

अशा नटांना मोबदला काय मिळतो? 'जीटीए ४'चा (२००८) नायक निको बेलिक साकारणाऱ्या मायकेल हॉलिकला सुमारे सव्वा वर्षाच्या कामाचे अंदाजे एक लाख डॉलर मिळाले. गेमने पहिल्याच आठवड्यात ५० कोटी डॉलरची विक्री केली आणि त्यातला वाटा त्याला नव्हता. अमेरिकेतली नटांची संघटना सॅग-आफ्ट्रा २०१६-१७मध्ये गेम कंपन्यांविरुद्ध अकरा महिने संपावर गेली. तासन् तास किंकाळ्या आणि मरणाचे आवाज काढून गळे बसतात, हीसुद्धा तेव्हाची एक तक्रार होती. २०२४च्या जुलैपासून २०२५च्या जूनपर्यंत पुन्हा संप झाला, या वेळी कृत्रिम बुद्धिमत्तेने आवाज आणि शरीराची नक्कल करण्याविरुद्ध. संप चालू असतानाच, २०२५च्या मे महिन्यात, 'फोर्टनाइट' या गेममध्ये दिवंगत जेम्स अर्ल जोन्स यांच्या आवाजातला डार्थ व्हेडर यंत्राकडून बोलता केला गेला. कुटुंबाची संमती होती, तरी संघटनेने तक्रार नोंदवली आणि माझ्या मते ते योग्यच होतं. यंत्र लकब उचलतं. पण दोन वेगळ्या निवडींसाठी दोन वेगळी मनं तयार करून ठेवणं हे विचार करणाऱ्या नटाचं काम आहे, आणि त्याचा दाम त्याला मिळायलाच हवा.

आपल्याकडे 'गजनी'वर २००८ साली आणि 'रा.वन'वर २०११ साली गेम निघाले ते नटांच्या नावावर, आणि विसरलेही गेले. पुण्याच्या नोडिंग हेड्स गेम्सचा 'राजी' (२०२०) एकाही ताऱ्याशिवाय जगभर खेळला गेला; त्यातली गोष्ट छायाबाहुल्यांच्या शैलीत सांगितली आहे. तो मराठीत बोलताना ऐकायला मला मनापासून आवडेल. मोशन कॅप्चरचा, म्हणजे नटाच्या हालचाली टिपण्याचा, स्टुडिओ म्हणजे रिकामी खोली: नेपथ्य नाही, वेशभूषा नाही, हातातली तलवार म्हणजे नुसती काठी. पुरुषोत्तम करंडक स्पर्धेच्या एकांकिकांत दोन ठोकळ्यांवर किल्ला उभा करणारी कॉलेजची मुलं नेमकं हेच काम वर्षानुवर्षं करत आली आहेत. पुण्यातल्या गेम स्टुडिओंनी पुढच्या भूमिकेसाठी नट शोधायला मुंबईच्या एजन्सीकडे जाण्याआधी ही स्पर्धा रंगते त्या भरत नाट्य मंदिरात एक संध्याकाळ बसावं.