जलद अनुदान आणि संशोधनाचे सार्वजनिक उत्तरदायित्व : ‘फास्ट ग्रँट्स’ उपक्रमाची चिकित्सा

प्रस्तावना

वैज्ञानिक संशोधनाला मिळणारे अनुदान हा विषय सामान्यतः प्रशासनाच्या कक्षेतील मानला जातो. २०२० मधील कोविड-१९ च्या महासाथीने मात्र त्याला जीवनमरणाच्या प्रश्नाचे रूप दिले. नेहमीच्या पद्धतीत प्रस्ताव सादर केल्यापासून निधी हाती येईपर्यंत कित्येक महिने जातात. साथ तेवढा काळ थांबत नाही. या पार्श्वभूमीवर एप्रिल २०२० मध्ये अमेरिकेत अर्थशास्त्रज्ञ टायलर कोवेन, उद्योजक पॅट्रिक कॉलिसन व जैववैज्ञानिक पॅट्रिक शू यांनी ‘फास्ट ग्रँट्स’ हा खासगी देणग्यांवर आधारलेला उपक्रम सुरू केला. या तिघांनी जून २०२१ मध्ये लिहिलेल्या अनुभवलेखातील दाव्यांची चिकित्सा करणे हा प्रस्तुत लेखाचा हेतू आहे.

उपक्रमाचे स्वरूप

अर्ज भरण्यास अर्ध्या तासाहून कमी वेळ, ४८ तासांत निर्णय आणि दहा हजार ते पाच लाख डॉलरपर्यंतचे साहाय्य, अशी सुरुवातीची योजना होती. पहिल्याच आठवड्यात सुमारे चार हजार अर्ज आले. पुढे पाच कोटी डॉलरहून अधिक निधी २६० हून अधिक प्रकल्पांना देण्यात आला. येल विद्यापीठातील लाळेवर आधारित चाचणीला या उपक्रमाचे साहाय्य लाभले होते. ऑगस्ट २०२० मध्ये या चाचणीला अमेरिकेच्या औषध प्रशासनाची आपत्कालीन मान्यता मिळाली आणि तिची कार्यपद्धती इतर प्रयोगशाळांना खुली करण्यात आली. थोड्या पण वेळेवर मिळालेल्या पैशाचे मोल यातून स्पष्ट होते.

दाव्यांची चिकित्सा

अनुभवलेखाचा मुख्य आधार म्हणजे अनुदानप्राप्त संशोधकांचे सर्वेक्षण. अनुदान मिळाले नसते तर संबंधित काम झालेच नसते, असे ६४ टक्के संशोधकांनी सांगितले. हा आकडा प्रभावी असला तरी तो लाभार्थ्यांनी दिलेला आहे. ज्यांचे अर्ज नाकारले गेले त्यांनी ते काम अन्य मार्गाने केले की सोडून दिले, हे तपासल्याशिवाय या आकड्यावरून कार्यकारणसंबंध सिद्ध होत नाही. कृतज्ञतेची साक्ष आणि परिणामाचा पुरावा यांतील अंतर येथे दुर्लक्षिले गेले आहे.

याच सर्वेक्षणातील दुसरे दोन आकडे अधिक वजनदार आहेत. आपला एक चतुर्थांशाहून अधिक वेळ अनुदानाच्या अर्जांत जातो, असे ५७ टक्के संशोधकांनी नोंदविले. उपलब्ध निधी मुक्तपणे वापरता आला तर आपल्या संशोधनाची दिशा बरीच बदलू, असे ७८ टक्के संशोधकांचे म्हणणे होते. हे आकडे प्रचलित व्यवस्थेविषयी बोलतात. त्यामुळे नव्या उपक्रमाच्या यशापेक्षा जुन्या व्यवस्थेचे अपयशच त्यांतून अधिक ठळकपणे समोर येते.

वेगाच्या मर्यादाही लक्षात घ्याव्या लागतात. ब्राझीलमधील ‘टुगेदर’ चाचणीला या उपक्रमाचे साहाय्य होते. फ्लुवोक्सामिन या औषधाने रुग्णांची प्रकृती बिघडण्याचे प्रमाण घटते, असा तिचा निष्कर्ष २०२१ मध्ये प्रसिद्ध झाला. तरीही मे २०२२ मध्ये अमेरिकेच्या औषध प्रशासनाने त्यास आपत्कालीन मान्यता नाकारली. याच चाचणीत आयव्हरमेक्टिनचा उपयोग होत नसल्याचे २०२२ मध्ये आढळले. निधी दोन दिवसांत देता येतो, पुरावा मात्र आपल्याच गतीने पक्व होतो. तथापि आयव्हरमेक्टिनविषयीचा नकारात्मक निष्कर्ष निरर्थक ठरत नाही. निरुपयोगी उपचारापासून रुग्णांना दूर ठेवणे हेही विज्ञानाचेच कार्य आहे.

आणखी एक बाब अनुभवलेखात पुरेशी अधोरेखित होत नाही. ज्या प्रयोगशाळांनी काही आठवड्यांत काम उभे केले, त्यांची उपकरणे व मनुष्यबळ अनेक दशकांच्या, बहुतांशी सार्वजनिक, गुंतवणुकीतून घडले होते. दानशूरांनी शेवटचा टप्पा जलद केला. संपूर्ण मार्ग त्यांनी बांधला नव्हता. शिवाय कोणता प्रश्न निवडावा याचे उत्तर देणगीदार व त्यांनी नेमलेले मोजके तज्ज्ञ देणार असतील, तर त्या निवडीचा जाब जनता कोणाला विचारणार, हा प्रश्न उरतोच.

मुंबईचा दाखला

या प्रश्नाला महाराष्ट्राच्या इतिहासातही एक पूर्वपीठिका आहे. १८९६ मध्ये मुंबईत प्लेगची साथ आल्यावर वाल्डेमार हाफकिन यांनी सरकारच्या निमंत्रणावरून ग्रँट वैद्यकीय महाविद्यालयातील अपुऱ्या जागेत काम सुरू केले आणि जानेवारी १८९७ मध्ये तयार झालेली लस प्रथम स्वतःला टोचून घेतली. पुढे जागेची निकड भासली तेव्हा तिसरे आगाखान यांनी खुश्रू लॉज ही वास्तू उपलब्ध करून दिली. १८९९ मध्ये प्रयोगशाळा परळच्या जुन्या गव्हर्न्मेंट हाउसमध्ये गेली. आजची हाफकिन संस्था ती हीच. खासगी दानाने निकडीची वेळ निभावली, पण त्या कार्याला स्थैर्य सार्वजनिक संस्थेने दिले.

निष्कर्ष

‘फास्ट ग्रँट्स’ने एक गोष्ट निर्विवादपणे दाखवून दिली : विलंब ही गुणवत्तेची हमी नव्हे. मात्र खासगी दान हा सार्वजनिक निधीला पर्याय ठरतो, असा निष्कर्ष त्यातून निघत नाही. प्रस्ताव लिहिण्यात खर्ची पडणारा संशोधकाचा वेळ हाही खर्च म्हणून मोजला जावा, आपत्काळासाठी जलद निर्णयाची यंत्रणा सार्वजनिक संस्थांनी साथ येण्यापूर्वीच उभारावी आणि नाकारलेल्या अर्जांचाही पुढे मागोवा घेतला जावा, हा या अनुभवाचा खरा बोध होय. साथ आल्यावर दात्याची वाट पाहावी लागणे, हे दात्याचे मोठेपण असले तरी व्यवस्थेचे न्यून आहे.