मन्रोव्हिलची गॅलरी

अमेरिकेच्या दक्षिणेत, अलाबामा राज्यात, मन्रोव्हिल नावाचं गाव आहे. वस्ती जेमतेम सहा हजार. माँटगोमेरीहून मोबीलकडे जाणारा मोठा महामार्ग गावाला बाजूला टाकून जातो, त्यामुळे तो सोडून पाइनच्या लागवडीतून आणि लाल मातीच्या शेतांमधून बराच वेळ गाडी हाकावी लागते. वाटेत समोरून येतात ते लाकडाचे ओंडके लादलेले ट्रक. मग चौक लागतो आणि चौकाच्या मधोमध घुमटाकार मनोऱ्यावर घड्याळ असलेली विटांची एक देखणी इमारत. हे मन्रो काउंटीचं जुनं कोर्ट. १९०३ साली ते बांधायला घेतलं. १९६३ मध्ये कामकाज शेजारच्या नव्या इमारतीत गेलं आणि आता इथे संग्रहालय आहे. जगभरातून माणसं इतकी आडवाट करून येतात ती याच इमारतीसाठी. हार्पर ली याच गावात १९२६ मध्ये जन्मल्या आणि २०१६ मध्ये याच गावात वारल्या. त्यांचे वडील वकील. त्यांच्या ‘टू किल अ मॉकिंगबर्ड’ या १९६० च्या कादंबरीतलं मेकोम गाव म्हणजे मन्रोव्हिल, आणि त्यातलं कोर्ट म्हणजे हे कोर्ट.

कादंबरीची गोष्ट बहुतेकांना ठाऊक असते. टॉम रॉबिन्सन या कृष्णवर्णीय मजुरावर गोऱ्या मुलीवर बलात्कार केल्याचा खोटा आळ येतो. अ‍ॅटिकस फिंच हा गोरा वकील त्याची बाजू लढवतो आणि हरतो. सांगणारी आहे अ‍ॅटिकसची लहानगी मुलगी स्काउट. या कादंबरीचं रसग्रहण करताना लोक अ‍ॅटिकसच्या शेवटच्या भाषणापाशी थांबतात, नाहीतर घराबाहेर न पडणाऱ्या शेजाऱ्याच्या, बू रॅडलीच्या दारापाशी. मला थांबायचं आहे ते कोर्टाच्या गॅलरीत, एका अगदी छोट्या हालचालीपाशी.

खटल्याच्या दिवशी स्काउट आणि तिच्या सोबतची मुलं उशिरा पोचतात. खाली बसायला जागा उरलेली नसते. कृष्णवर्णीयांच्या चर्चचे पाद्री साइक्स त्यांना वरच्या गॅलरीत नेतात. कृष्णवर्णीयांनी बसायचं ते तिथे. मुलं येताच पुढच्या रांगेतली चार माणसं उठतात आणि आपल्या जागा देतात. लेखिका हे एका वाक्यात सांगते आणि पुढे जाते. त्या चौघांना नाव नाही, चेहरा नाही. स्काउट त्यांचे आभारही मानत नाही. ती उद्धट नाही. गोरी मुलं आली की काळ्या माणसांनी उठायचं, हे तिच्या जगात इतकं रोजचं आहे की त्यात सांगण्यासारखं काही आहे असं तिला वाटतच नाही. मुलीच्या तोंडून गोष्ट सांगण्याचं तंत्र इथे किती खोल काम करतं पाहा. निवेदक जे पाहून न पाहिल्यासारखं करते, तेच नेमकं लेखिका आपल्यासमोर ठेवते. घाईने वाचणारा तिथून सहज निघून जातो.

खटला संपतो, टॉम दोषी ठरतो, अ‍ॅटिकस कागद गोळा करून मधल्या वाटेने बाहेर निघतो. आता गॅलरीतली सगळी माणसं पुन्हा उठतात, यावेळी त्याच्या सन्मानासाठी. पाद्री स्काउटलाही उभं राहायला सांगतात. १९६२ च्या चित्रपटात हा प्रसंग ज्या संयमाने घेतलाय त्याला तोड नाही. खाली रिकामा हॉल, अ‍ॅटिकस झालेल्या ग्रेगरी पेकची पाठमोरी चाल, आणि वर निःशब्द उभी असलेली माणसं. मी तो प्रसंग जितक्या वेळा पाहिला तितक्या वेळा गळा दाटून आला, आणि त्याबद्दल मला जराही संकोच वाटत नाही.

पण या दोन हालचाली शेजारी ठेवून वाचल्या की पुस्तक वेगळं दिसायला लागतं. गॅलरी दोनदा उठते आणि दोन्ही वेळा एकाच गोऱ्या कुटुंबासाठी उठते: आधी मुलांना जागा द्यायला, नंतर बापाला मान द्यायला. त्यांचा स्वतःचा माणूस नुकताच दोषी ठरलाय. घरी जाताना ती माणसं आपसांत काय बोलली, कोण रडलं, कोण संतापलं, हे कादंबरी सांगत नाही. ती मुलांबरोबर जिना उतरून खाली येते. हार्पर लींनी डोळा गॅलरीत ठेवला ही त्यांची प्रतिभा, पण ती जागा उसनी होती. माझ्या मते या कादंबरीचं सगळं थोरपण आणि तिची सगळी मर्यादा या एकाच बैठकीत आहे.

मन्रोव्हिलला जायचं ते हे डोळ्यांनी पाहायला. संग्रहालयात कोर्टाचा हॉल जुन्या रूपात जपलाय आणि वरच्या गॅलरीत जाऊन बसता येतं. हॉलच्या तिन्ही बाजूंनी वळून आलेला तिचा कठडा मी हाताने चाचपला आणि पुढच्या रांगेत बसले. खालून हा हॉल प्रशस्त वाटतो, वरून तो एकदम जवळ येतो. न्यायाधीशाचं आसन, साक्षीदाराची खुर्ची, वकिलांची टेबलं सगळं नजरेच्या टप्प्यात. कोण कुणाकडे पाहतो, कोण नजर टाळतो, हे इथून जितकं कळेल तितकं खालच्या मागच्या बाकावरून कळणार नाही. टॉमचा डावा हात लहानपणी कापसाच्या जिनात सापडून निकामी झालेला आहे. शपथ घेताना तो बायबलवरून घसरतो. आळ घेणाऱ्या मुलीच्या चेहऱ्यावरच्या माराच्या खुणा उजव्या बाजूला, म्हणजे मारणारा डावखुरा. पुराव्याचा सगळा डोलारा डाव्या-उजव्यावर उभा आहे, आणि तो हात गॅलरीतल्या प्रत्येकाला लख्ख दिसतो. ज्यांना सत्य सर्वांत स्वच्छ दिसत होतं त्यांना ज्युरीत बसायची मुभा नव्हती. पानावर हे तर्काने कळतं. तिथे बसल्यावर ते अंगावर येतं.

चित्रपटाच्या कला विभागाच्या लोकांनी हाच हॉल पाहून, त्याचे फोटो घेऊन, हॉलिवूडच्या स्टुडिओत त्याची प्रतिकृती उभारली. चित्रपटाला कलादिग्दर्शनाचं ऑस्कर मिळालं. येणाऱ्या अनेकांची समजूत असते की चित्रीकरण इथेच झालं. इथे एकही दृश्य घेतलेलं नाही.

इमारतीचं साल विसरू नये. १९०१ मध्ये अलाबामाने नवी राज्यघटना केली आणि तिचा उघड हेतू कृष्णवर्णीयांचा मताधिकार काढून घेण्याचा होता. मतदानासाठी कर, साक्षरतेच्या अटी, मालमत्तेच्या अटी अशी सगळी कुंपणं घातली गेली. त्यानंतर दोनच वर्षांत या कोर्टाचं काम सुरू झालं. मराठी वाचकाला इथे एक तारीख आठवल्याशिवाय राहत नाही. १८७३ मध्ये जोतीराव फुल्यांनी ‘गुलामगिरी’ हे पुस्तक अमेरिकेतल्या गुलामांच्या मुक्तीसाठी झटणाऱ्या लोकांना अर्पण केलं. पुण्यातून त्यांनी ज्या मुक्तीकडे आशेने पाहिलं, तिच्यावर दक्षिणेत पुढच्या तीस वर्षांत कसा बोळा फिरवला गेला, ते या लाकडी कठड्यापाशी उभं राहिल्यावर कळतं.

गावात लेखिकेच्या खुणा शोधायला गेलं तर फारसं हाती लागत नाही. लींचं बालपणीचं घर पाडलं गेलं, त्या जागी मिल्कशेक-आइस्क्रीमचं दुकान आलं. शेजारच्या घरात आपल्या नातलगांकडे पुढे लेखक झालेला लहानगा ट्रुमन कपोटी राहत असे. कादंबरीतला स्काउटचा मित्र डिल त्याच्यावरून उभा केला असं मानतात. त्या घराचीही फक्त दगडी भिंत आणि माहितीची पाटी उरलीय. कोर्टाच्या आवारात मात्र अलाबामाच्या वकील संघटनेने १९९७ मध्ये अ‍ॅटिकस फिंचच्या नावाने शिळा उभारली आहे. जो माणूस कधी जन्मलाच नाही त्याचं स्मारक वकिलांनी करावं, हा एखाद्या पुस्तकाला मिळालेला फार मोठा मान आहे. लींच्या वडिलांनी स्वतः १९१९ साली खुनाच्या आरोपातल्या दोन कृष्णवर्णीयांचं वकीलपत्र घेतलं होतं. दोघेही फासावर गेले.

आता नाटकाबद्दल, कारण हे गाव खऱ्या अर्थाने वाचायचं तर नाटकाच्या दिवसांत जायला हवं. १९९० च्या दशकाच्या सुरुवातीपासून वसंतात गावकरीच क्रिस्टोफर सर्गेलने केलेलं कादंबरीचं नाट्यरूपांतर सादर करत आले आहेत. नट हौशी, दिवसा आपापल्या कामाधंद्याला असणारे. पहिला अंक कोर्टाच्या आवारात, उघड्यावर. मग प्रेक्षकांतून बाराजणांची ज्युरी निवडतात. त्या काळी ज्युरीत फक्त गोरे पुरुष असत, म्हणून निवडायचे तेही तसेच. अलाबामात बायकांना ज्युरीत बसायचा हक्क १९६६ पर्यंत नव्हता. दुसरा अंक आत, खऱ्या हॉलमध्ये. निकाल संहितेत ठरलेलाच आहे. आत्तापर्यंत अंगणात आरामात बसलेल्या पर्यटकाला निरपराध माणसाला दोषी ठरवणाऱ्यांच्या रांगेत बसावं लागतं. ‘शांतता! कोर्ट चालू आहे’ ज्यांनी पाहिलंय त्यांना खेळातलं कोर्ट खरं होत जाण्याची ही भीती परकी वाटणार नाही. मन्रोव्हिलच्या प्रयोगाची करामत अशी की इथे वास्तूच पात्र होते. टॉमचं काम करणाऱ्या नटाच्या पणजोबांना याच इमारतीत वरच बसावं लागलं असतं, हे समोरच्या प्रत्येकाला माहीत असतं.

एवढ्यावर गाव सोडलं तर मात्र अर्धंच वाचलं. १ नोव्हेंबर १९८६ रोजी मन्रोव्हिलमध्ये भरदिवसा एका गोऱ्या तरुणीचा, कपडे धुण्याच्या दुकानात काम करत असताना, खून झाला. पुढच्या वर्षी पोलिसांनी वॉल्टर मॅकमिलियन या कृष्णवर्णीय माणसाला पकडलं. खुनाच्या वेळी तो घरी होता. चर्चसाठी पैसे जमवायला तिथे मासे तळून विकणं चाललं होतं आणि अनेकांनी त्याला पाहिलं होतं. खटला चालायच्या आधीच त्याला फाशीच्या कैद्यांच्या कोठडीत ठेवलं. खटला शेजारच्या, बहुसंख्य गोऱ्यांच्या काउंटीत हलवला, दीड दिवसात उरकला. ज्युरीने जन्मठेप सुचवली, न्यायाधीशाने ती बाजूला सारून मृत्युदंड दिला. ब्रायन स्टीव्हन्सन या वकिलाने मुख्य साक्षीदाराची साक्ष खोटी होती हे उघडं पाडलं आणि मार्च १९९३ मध्ये मॅकमिलियन सुटला. म्हणजे कादंबरीवर जीव टाकणाऱ्या याच गावात, नाटकाचे प्रयोग रंगू लागले तेव्हा, गावातला एक खरा निरपराध माणूस फाशीची वाट पाहत होता. स्टीव्हन्सनने २०१४ च्या ‘जस्ट मर्सी’ या पुस्तकात हे सगळं लिहिलंय.

त्या पुस्तकात फेरसुनावणीचा एक प्रसंग आहे. पहिल्या दिवशी मॅकमिलियनचे पाठीराखे मोठ्या संख्येने आले. दुसऱ्या दिवशी दारात धातुशोधक यंत्र आणि मोठा पोलिसी कुत्रा उभा केला, आणि कृष्णवर्णीयांना आत सोडलं तेव्हा बहुतेक खुर्च्या भरल्या होत्या. एक वयस्कर बाई त्या कुत्र्याला पाहून थबकली आणि परत गेली. १९६५ मध्ये मोर्च्यावर सोडलेले कुत्रे तिने पाहिले होते. पुढच्या वेळी ती आली, कुत्र्यासमोरून चालत गेली आणि आत बसली. न्यायाधीश आले, सगळे उठले, सगळे बसले. ती उभीच राहिली आणि आपण आलोय हे सगळ्या कोर्टाला ऐकू जाईल असं तिने सांगितलं.

‘मॉकिंगबर्ड’मधल्या गॅलरीने दोनदा उठून जे सांगितलं नाही ते या बाईने सांगितलं. ती कुणाला जागा द्यायला उठली नव्हती आणि कुणाच्या सन्मानासाठीही नाही. ती स्वतःसाठी आणि आपल्या माणसासाठी उभी होती. हार्पर लींच्या पुस्तकावर माझं प्रेम आहे. त्या पुस्तकाने शिकवलेल्या बारकाईनेच मी त्या बाईपर्यंत पोचले. पण गॅलरीची गोष्ट गॅलरीतून सांगितलेली वाचायची असेल तर दुसरं पुस्तक उघडावंच लागतं.

कधी अमेरिकेत अ‍ॅटलांटाला किंवा न्यू ऑर्लिन्सला नातेवाइकांकडे जाणं झालं तर दोन दिवस वेगळे काढा. आधी माँटगोमेरीत थांबा. तिथे झुंडीने मारल्या गेलेल्या चार हजारांहून अधिक कृष्णवर्णीयांचं स्मारक स्टीव्हन्सनच्याच संस्थेने २०१८ मध्ये उभारलंय. जिथे असे बळी गेले त्या प्रत्येक काउंटीच्या नावाचा एक पोलादी स्तंभ, आणि त्यावर माणसांची नावं. मग मन्रोव्हिलला जा. नाटक पाहायचं तर वसंतात जा आणि तिकिटं आधीच काढून ठेवा. कोर्टात शिरल्यावर खालच्या हॉलमध्ये फोटो काढून परतू नका, जिना चढून वर जा. आणि निघण्यापूर्वी दोन्ही पुस्तकं वाचा, आधी हार्पर लींचं आणि मग स्टीव्हन्सनचं.