सिंहासन, शास्त्री आणि सालबाई

ग्वाल्हेरहून दक्षिणेकडे, डबऱ्याच्या बाजूला गेले की सुमारे तीस किलोमीटरांच्या टापूत सालबाई नावाचे एक लहानसे गाव आहे. शाळेतील इतिहासाच्या पुस्तकात आपण सर्वांनी त्याचे नाव तहापुरते पाठ केले आणि परीक्षा संपताच विसरलो. १७ मे १७८२ रोजी तेथे मराठे व इंग्रज यांच्यात तह झाला. मराठ्यांच्या बाजूने महादजी शिंदे आणि इंग्रजांच्या बाजूने डेव्हिड अँडरसन यांनी तो ठरविला. त्यातील एका कलमाने रघुनाथराव पेशव्यांना दरमहा पंचवीस हजार रुपयांची नेमणूक मिळाली, आणि पुतण्याच्या रक्तातून वाट काढीत गादीकडे निघालेल्या एका माणसाची महत्त्वाकांक्षा तेथे, आपल्या अंगणात म्हणावे इतक्या जवळ, कायमची विझली.

नाटकातला जुलमी राजा तलवारीने मरतो. इतिहासातला पुष्कळदा नेमणुकीवर जगतो. मग अशा राजाचा अधःपात नेमका कोणत्या क्षणी होतो, असा प्रश्न मनात येतो. त्याच्या उत्तरासाठी शेक्सपिअरचे ‘मॅकबेथ’ आणि कृष्णाजी प्रभाकर खाडिलकरांचे ‘भाऊबंदकी’ ही दोन नाटके शेजारी शेजारी ठेवून वाचावीत, असे सुचविण्याचा या लेखाचा हेतू आहे.

मराठी रंगभूमीला ‘मॅकबेथ’ अपरिचित नाही. शिवराम महादेव परांजपे यांनी ‘मानाजीराव’ या नावाने त्याला मराठी पेहराव दिला. पुढे १९५४ मध्ये वि. वा. शिरवाडकरांचे ‘राजमुकुट’ आले. ही रूपांतरे आपापल्या जागी मोलाची आहेत. तथापि रूपांतर न होताही ‘मॅकबेथ’चा आत्मा ज्या नाटकात उतरला आहे ते ‘भाऊबंदकी’ होय, असे मला वाटते. १९०९ साली महाराष्ट्र नाटक मंडळीने रंगभूमीवर आणलेले हे गद्य नाटक. खाडिलकर शेक्सपिअरचे साक्षेपी अभ्यासक होते, आणि नारायणरावाच्या खुनाची कथा तर जणू त्या साच्यासाठीच घडली होती. ३० ऑगस्ट १७७३ रोजी ऐन गणेशोत्सवात शनिवारवाड्यात गारद्यांनी अठरा वर्षांच्या पेशव्याला कापून काढले. ‘काका, मला वाचवा’ ही हाक आणि ‘ध’चा ‘मा’ केल्याची आख्यायिका मराठी माणसाला बालपणीच ठाऊक होते. लष्करातील जुन्या वाड्यांतही ती आजीच्या तोंडूनच ऐकू येत असे.

दोन्ही नाटकांतील राज्यलोभी पुरुष आरंभी शूर सेनापती आहेत, ही गोष्ट महत्त्वाची आहे. मॅकबेथ पहिल्या अंकात रणांगणावरून विजयी होऊन परततो. राघोबादादांची कीर्ती तर १७५८ साली अटकेपर्यंत पोहोचली होती. ‘राघोभरारी’ हे नाव त्यांना उगाच मिळाले नव्हते. आपल्या भागातही ते आले होते. पानिपतानंतर काही वर्षांनी त्यांनी गोहदच्या राण्याला वेढा घातला आणि खंडणीचा ठराव करून ते माघारी वळले. भेकड माणसाचा अधःपात आपल्याला हलवीत नाही. पराक्रमी पुरुष खाली येतो तेव्हाच शोकांतिका जन्म घेते. ज्या हाताने राज्य राखले तोच हात राज्याच्या धन्यावर उगारला जातो, यातले दारुण सत्य दोन्ही नाटककारांनी ओळखले होते.

आता मॅकबेथच्या पतनाकडे पाहू. वरवर पाहता तो मॅकडफच्या तलवारीने मरतो. चेटकिणींनी दिलेली अभये एकामागून एक फसवी ठरतात. जे रान चालून येणे अशक्य, ते शत्रुसैन्याने हाती धरलेल्या फांद्यांच्या रूपाने चालून येते. परंतु बारकाईने वाचणाऱ्याला दिसते की तलवार येण्यापूर्वीच हा राजा संपलेला आहे. त्याने प्रत्येक सरदाराच्या घरात पगारी हेर पेरून ठेवला आहे. परिणामी त्याच्याशी खरे बोलणारा एकही माणूस उरलेला नाही. पाचव्या अंकात तो स्वतःच हिशेब मांडतो. उतारवयात माणसाच्या वाट्याला यावेत ते मान, माया आणि मित्र आपल्याला मिळणार नाहीत. मिळणार ती लोकांची दबकी शिव्याशापांची कुजबूज आणि ओठांवरची स्तुती, हे त्याला कळून चुकले आहे. अखेरच्या लढाईत तर त्याचेच शिपाई शत्रूला सामील होतात आणि गड फारशा प्रतिकारावाचून हाती येतो. जपानी दिग्दर्शक अकिरा कुरोसावा यांनी १९५७ साली या कथेवर चित्रपट केला, तेव्हा त्यांनी नायकाला त्याच्याच तिरंदाजांच्या बाणांनी मारले. मूळ नाटकाचे मर्म त्यांनी अचूक पकडले होते.

या नाटकातील एका गौण पात्राकडे वाचकांचे लक्ष वेधावेसे वाटते. झोपेत चालणाऱ्या राणीला पाहण्यासाठी एक वैद्य बोलावलेला असतो. ती हातावरचे न दिसणारे रक्त धुऊ पाहते, झोपेतच बडबडते, आणि वैद्याला सारे उमगते. तो काय करतो? आपल्याला काय वाटते ते बोलण्याची छाती नाही, असे म्हणून तो निघून जातो. पुढे राजासमोर उभा राहिल्यावर तो अदबीने, गोलमोल उत्तरे देतो. आणि एकांतात मात्र म्हणतो की एकदा येथून सुटलो तर कितीही द्रव्य मिळो, परत फिरकणार नाही. तो दुष्ट नाही. शिकलेला, सभ्य, पोटासाठी दरबारात आलेला गृहस्थ आहे. जुलमी सत्ता अशाच सभ्य मौनावर उभी असते.

‘भाऊबंदकी’त त्या वैद्याच्या जागी रामशास्त्री प्रभुणे उभे राहतात, आणि येथेच खाडिलकर शेक्सपिअरची वाट सोडून स्वतःची वाट धरतात. रामशास्त्री हेही दरबाराचेच नोकर. पेशव्यांच्या दौलतीतूनच त्यांना वेतन मिळते. त्यांच्यापाशी सैन्य नाही, पाठीशी सरदार नाहीत. खुनाचा छडा लावून ते राघोबादादांच्या तोंडावर सांगतात की या पातकाला देहान्त प्रायश्चित्तावाचून दुसरे प्रायश्चित्त नाही. राघोबादादा त्यानंतरही गादीवर आहेत. शास्त्रीच पुणे सोडून जातात. व्यवहाराच्या दृष्टीने पाहिले तर हार न्यायाधीशाची झाली. नाट्यदृष्ट्या मात्र राजाचा अधःपात त्याच क्षणी पूर्ण झालेला असतो. त्यानंतर सिंहासनावर उरतो तो केवळ एक खुनी. ‘मॅकबेथ’मध्ये जे काम शेवटी सैन्य करते ते येथे एक वाक्य करते. म्हणूनच या नाटकाचा विषय निघाला की पहिले नाव राघोबांचे येत नाही, रामशास्त्र्यांचे येते.

अर्थात नाटकाची उणीवही येथेच आहे, आणि ती न सांगणे हे समीक्षेच्या धर्माला सोडून होईल. खाडिलकरांनी कटाचा बराचसा भार आनंदीबाईंवर टाकला. लोकपरंपरेनेही ‘ध’चा ‘मा’ त्यांच्याच माथी मारला आहे. वस्तुतः त्या अक्षरबदलाला आख्यायिकेपलीकडे भक्कम आधार नाही. शेक्सपिअरची राणी पहिल्या खुनासाठी नवऱ्याला डिवचते खरी, परंतु बँकोच्या खुनाचा बेत मॅकबेथ तिच्यापासून लपवून ठेवतो. तेव्हापासून पाप त्याचे एकट्याचे होते आणि त्याबरोबर त्याच्या पतनाला उंची येते. खाडिलकरांचा राघोबा मात्र दुसऱ्याच्या ओंजळीने पाणी पिणारा राहतो. त्याची कीव येते, पण त्याच्याविषयी भय वाटत नाही. पुरुषाच्या लोभाचे माप स्त्रीच्या पदरात घालण्याची आपली जुनी खोड या थोर नाटकातही शिरली आहे, हे आज पुन्हा वाचताना खटकल्यावाचून राहत नाही.

परंतु १९०९ च्या प्रेक्षकाला हे नाटक वेगळ्याच कारणाने झोंबले असले पाहिजे. लोकमान्य टिळक मंडालेच्या तुरुंगात होते. १९०७ च्या डिसेंबरात सुरतेला काँग्रेस दुभंगली होती. त्याच सुरतेत १७७५ साली राघोबादादांनी गादीच्या आशेने इंग्रजांशी तह केला होता. एका गावाच्या नावात दोन दुही जुळून आल्या. घरच्या भांडणात परक्याला पंच नेमणारा मनुष्य शेवटी घरही गमावतो, हा अर्थ ‘केसरी’च्या या लेखकाला मुद्दाम उलगडून सांगण्याची गरज नव्हती. खाडिलकरांच्याच ‘कीचकवधा’वर लवकरच सरकारची बंदी आली, सत्ताधाऱ्यांनाही नाटके वाचता येत होती, हे त्यावरून सिद्ध होते.

रामशास्त्री नसलेली पेशवाई कशी दिसते, हे पाहायचे असेल तर विजय तेंडुलकरांच्या ‘घाशीराम कोतवाल’कडे वळावे. १९७२ च्या डिसेंबरात ते पुण्यात रंगभूमीवर आले. तेथेही एका जुलमी माणसाचे पतन आहे. १७९१ साली पुण्याच्या कोतवालाच्या कैदेत तेलंगी ब्राह्मण गुदमरून मेले, तेव्हा खवळलेल्या जमावाने घाशीरामाला दगडांनी ठेचून मारले. मात्र ज्या नानाने त्याला मोठे केले तो नाना अलगद बाजूला होतो आणि उत्सव पुढे सुरू राहतो. जमावाच्या दगडाने जुलमी माणूस मेला, जुलूम मात्र जिवंत राहिला. राघोबादादांविरुद्ध बारभाईंची मसलत उभारणारे नाना फडणीसच येथे दुसऱ्या अंगाने दिसतात. ऐतिहासिक नानांवर तेंडुलकरांनी अन्याय केला की नाही, हा वाद पुष्कळ झाला आहे. मला त्या नाटकात जाणवते ती एक रिकामी जागा. सत्ताधाऱ्याच्या तोंडावर ‘हे पाप आहे’ असे म्हणणारे तेथे कोणी नाही.

पुन्हा सालबाईकडे येऊ. नाटकाच्या पडद्यामागे इतिहास पुढे चालतच होता. १८ एप्रिल १७७४ रोजी नारायणरावाच्या विधवा पत्नीला, गंगाबाईंना, पुरंदरावर मुलगा झाला आणि राघोबादादांच्या दाव्यातील उरलेसुरले बळ गेले. रामशास्त्री बारभाईंच्या कारभारात पुन्हा न्यायासनावर आले. १७७९ च्या जानेवारीत वडगावला इंग्रजांनी हात टेकले, तेव्हा दादा महादजींच्या ताब्यात आले. त्यांना झाशीकडे रवाना करण्यात आले असता नर्मदेच्या काठी पहाऱ्यातून निसटून ते पुन्हा इंग्रजांकडे गेले. अखेर सालबाईला इंग्रजांनीच त्यांचा हात सोडला. ज्याच्यासाठी सात वर्षे लढाई चालली, त्याची किंमत दरमहा पंचवीस हजार ठरली. दादांनी कोपरगाव जवळ केले आणि ११ डिसेंबर १७८३ रोजी तेथेच त्यांचे निधन झाले. कोणी मॅकडफ आला नाही. शोकांतिकेचा पाचवा अंक इतिहासाने कारकुनाच्या अक्षरात लिहिला.

आपल्या लष्करी घराण्यांचा संबंध येथे येतो. आपले पूर्वज शिंद्यांच्या फौजेबरोबर किंवा दौलतरावांनी १८१० मध्ये येथे तळ दिल्यानंतर उत्तरेत आले. कोणी तलवार धरली, बहुतेकांनी लेखणी. फडणिशी, चिटणिशी, पोतदारी, पुराणिकी, वैद्यकी यांवर आपली घरे उभी राहिली. १९४८ मध्ये संस्थान मध्य भारतात विलीन झाले, तरी दरबारी अदब आपल्या बोलण्यात टिकून आहे, आणि तिचा आपल्याला रास्त अभिमानही आहे. तिच्यामुळे भाषेला मार्दव आले, वागण्याला रीत आली. परंतु तीच अदब कधी कधी त्या वैद्याच्या मौनाचे पांघरूण होते, हेही मान्य केले पाहिजे. वंशावळी मांडताना आपण सरदार शोधतो; कोणत्या पूर्वजाने धन्याला नको असलेली गोष्ट सांगितली आणि नोकरी सोडली, हे शोधण्याचा प्रघात आपल्यात नाही. माझ्या घराण्याच्या जुन्या कागदांत सनदा आहेत, इनामांच्या नोंदी आहेत. एखाद्या राजीनाम्याचा कागद मला अद्याप सापडलेला नाही.

दरबार गेले, तरी धनी उरले आहेत. कचेरीत, संस्थेत, पक्षात, किंबहुना घरातल्या वडीलधाऱ्यांतही लहानमोठे राघोबा असतात; आणि त्यांच्या भोवती सारे उमगलेले, अदबीने गप्प राहिलेले वैद्य असतात. राजाचा अधःपात केव्हा होतो, या आरंभीच्या प्रश्नाचे उत्तर दोन्ही नाटके मिळून देतात, असे मला वाटते. भोवतीची माणसे त्याला मनातून सोडतात तेव्हा तो होऊ लागतो, आणि त्यांतला एक जण ते तोंडाने बोलतो तेव्हा तो पुरा होतो. तलवार, दगड किंवा तहाचे कलम ही त्यानंतरची औपचारिकता असते.

‘भाऊबंदकी’ची जुनी प्रत अजून काही घरांच्या कपाटांत असेल. ती बाहेर काढावी, आणि घरातल्या तरुण मुलांना रामशास्त्र्यांचा तेवढा एक प्रवेश तरी मोठ्याने वाचून दाखवावा. भाषा थोडी जड वाटेल, वाक्ये लांब वाटतील. प्रसंग मात्र त्यांना समजावून सांगावा लागणार नाही.