ओवी कुणासाठी? अशोक दा. रानडे यांची अर्थमीमांसा

संगीतावरचं मराठी लेखन विपुल आहे. पण त्यातलं बरंचसं गवयांच्या आठवणी, घराण्यांचे मानापमान आणि ‘रंगलेल्या मैफली’ यांतच अडकलं. वामनराव देशपांडे यांच्या ‘घरंदाज गायकी’ने (१९६१) ही कोंडी फोडली. एका टोकाला स्वर, दुसऱ्या टोकाला लय आणि मधे घराण्यांच्या जागा: किराणा स्वराकडे, आग्रा लयीकडे. मांडणी देखणी, पण ती ख्यालापुरती.

अशोक दा. रानडे (१९३७–२०११) यांनी ख्यालाचं कुंपण ओलांडलं. ते स्वतः गाणारे. गजाननराव जोशींकडे शिकलेले, आवाजाच्या जोपासनेचे धडे बी. आर. देवधरांकडे घेतलेले. मुंबई विद्यापीठाच्या संगीत केंद्राचे ते १९६८ ते १९८३ संचालक होते. ‘संगीताचे सौंदर्यशास्त्र’ (१९७१) आणि ‘लोकसंगीतशास्त्र’ (१९७५) ही त्याच काळातली पुस्तकं. सौंदर्यशास्त्राची उठाठेव करणारा माणूस चारच वर्षांत लोकसंगीताचं शास्त्र मांडायला बसतो, यातच त्यांच्या विचाराची दिशा दिसते.

जात्यावरची ओवी घ्या. चाल दोन-चार सुरांची. खुंटा धरलेल्या हाताच्या फेऱ्याबरोबर लय चालते, दम लागला की ओळ तुटते. गाणारीच ऐकणारी. तीच ओवी तबला-पेटीच्या साथीने रंगमंचावर आली की सूर तेच राहतात, पण दळण गेलेलं असतं, समोर तिकीट काढून बसलेले लोक असतात आणि शेवटी टाळ्या पडतात. आता हिचा अर्थ नुसत्या सुरांत कसा सापडावा? आदिम, लोक, धर्म, कला, जन, संगम अशा संगीताच्या कोटी रानडे यांनी केल्या त्या याच अडचणीपोटी. प्रत्येक कोटीत गाणारा, ऐकणारा आणि प्रसंग यांचं नातं वेगळं, म्हणून मोजमापही वेगळं. नाट्यसंगीत आणि हिंदी चित्रपटगीत यांच्यावर त्यांनी स्वतंत्र इंग्रजी पुस्तकं लिहिली, तीही नाक न मुरडता. आपल्याकडच्या पंडितांत हे दुर्मीळच.

उणिवा आहेत. परिभाषा इतकी दाट की वाचक दुसऱ्या पानावर दमतो. गाऊन दाखवत बोलणारे रानडे लिहिणाऱ्या रानड्यांपेक्षा सुबोध होते. कुठेच न बसणारं ‘संगम’मध्ये टाकायची सोयही जरा फार होते.

त्याहून मोठी अडचण श्रोत्याची आहे. अमेरिकेत संगीतविचारक लिओनार्ड मायर यांनी १९५६ सालीच अर्थ श्रोत्याच्या अपेक्षेत शोधला होता: पुढे काय येणार याचा अंदाज बांधला जातो, तो लांबतो किंवा चुकतो, तिथे भाव जागा होतो. विलंबित एकतालात आवर्तन संपत आलंय, गवई अजून तानेत आहे, मुखडा पकडेल की नाही या धास्तीने पुढच्या रांगेतला जाणकार मांडीवर मात्रा मोजतोय आणि शेजारचा नवखा निवांत आहे. दोघंही ‘कला’ या एकाच कोटीत बसलेत. ऐकतायत मात्र वेगळंच.