दिवेवाल्याची झोप

कल्पनारम्य वाङ्मय म्हणजे पांढरपेशा वाचकाचा विरंगुळा, अशी आपल्यापैकी पुष्कळांची समजूत आहे. वास्तवाचे चटके सोसलेल्या माणसाने राजपुत्राच्या गोष्टी कशाला वाचाव्यात, असे मीही म्हणत असे. आंत्वान द सेंत-एक्झ्युपेरी या फ्रेंच वैमानिक-लेखकाची छोट्या राजपुत्रावरील लघुकादंबरी (१९४३) मात्र अशी बाजूला सारता येत नाही.

वाळवंटात विमान बिघडून अडकलेला वैमानिक आणि दुसऱ्या ग्रहावरून आलेले मूल यांची ही कथा. आपल्या गुलाबाशी बिनसल्यामुळे घर सोडलेल्या या मुलाला एक कोल्हा भेटतो आणि जीव लावणे म्हणजे काय, ते शिकवतो. मुलाच्या मनाची जखम इथे भरू लागते. गुरू म्हणून हा कोल्हा मला मोलाचा वाटतो. द्रोणाने काहीही न शिकवता एकलव्याचा अंगठा मागितला. कोल्हा शिकवतो आणि मागतो ते इतकेच, की ठरल्या वेळी ये, जवळ बस.

तुर्की ज्योतिर्विदाचा प्रसंग तर आपल्या अनुभवातलाच आहे. १९०९ साली त्याने ग्रहाचा शोध मांडला, तेव्हा त्याच्या पोशाखामुळे कोणी विश्वास ठेवला नाही. १९२० साली युरोपीय पोशाखात त्याने तेच सांगितले आणि सर्वांना पटले. बाबासाहेबांच्या सुटाला नावे ठेवणाऱ्यांनी हे प्रकरण अवश्य वाचावे.

परंतु लेखकाची दृष्टी एका ठिकाणी अडते. एका ग्रहावर दिवा लावणारा माणूस आहे. ग्रह दरवर्षी अधिक वेगाने फिरू लागला. हुकूम तोच राहिला. आता त्याला मिनिटाला एकदा दिवा लावावा नि विझवावा लागतो. त्याला हवी आहे फक्त झोप. राजपुत्राला त्याच्याविषयी आदर वाटतो, तो एक तोडगाही सुचवतो. पण त्याने झोप मिळत नाही. ग्रह दोघांना अपुरा, म्हणून राजपुत्र निघून जातो. तो हुकूम कोणाचा, हे कादंबरी विचारत नाही.

वालीवच्या गाळ्यांत रात्रपाळी करून सकाळी वर्गात येणाऱ्या मुलांपुढे मी ही गोष्ट सांगितली. कोल्ह्याच्या प्रसंगाला मुले गप्प झाली. शेवटी एकाने विचारले, “सर, त्या दिवेवाल्याचं पुढं काय झालं?” माझ्याजवळ उत्तर नव्हते.

उत्तर आपल्याच इतिहासात आहे. १९०७ साली भीमराव मॅट्रिक झाले, तेव्हा कृष्णाजी अर्जुन केळुसकर गुरुजींनी त्यांना स्वतः लिहिलेले बुद्धचरित्र दिले. गुरुजी तेवढ्यावर थांबले नाहीत. पुढे शिक्षण अडले, तेव्हा ते त्यांना सयाजीराव महाराजांकडे घेऊन गेले आणि दरमहा २५ रुपयांची शिष्यवृत्ती मिळाली. पुस्तकाने मन घडते, हे खरे. पण ते २५ रुपये नसते तर?

माझ्या घरातला पहिला पदवीधर मी. मला जीव लावणारे शिक्षक मिळाले, हे मी विसरत नाही. पण वसतिगृहात जागा मिळाली म्हणून मी टिकलो, हेही विसरत नाही. आपल्या लेखकांनी कल्पनारम्य कथा जरूर लिहाव्यात. त्यांतला गुरू कोल्ह्यासारखा मायाळू असावा, आणि दिवेवाल्याचा हुकूम बदलून घेण्यासाठी त्याच्या बाजूने उभा राहणाराही असावा. मायेने जखम भरते. पण रोज नवी जखम करणारा हुकूम तसाच राहिला, तर त्या मायेचे रूपांतर नुसत्या सांत्वनात होते.