ख्रिस्तपुराणांतील अनुताप व प्रार्थना

फादर टॉमस स्टीफन्सकृत ख्रिस्तपुराणाविषयीं आजवर जें लिहिलें गेलें त्यांत बहुतेकांनीं भाषेचीच वाखाणणी केली आहे. एका इंग्रज जेझुइटानें १५७९ च्या ऑक्टोबरांत गोव्यास उतरावें, येथील भाषा शिकावी आणि दहा हजारांहून अधिक ओव्यांचा ग्रंथ रचावा, ही गोष्ट विस्मयकारक खरीच. पण विस्मय म्हणजे परीक्षण नव्हे. ज्या श्रद्धेसाठीं हा ग्रंथ रचला गेला तिचा मुख्य विषय पापाचा अनुताप, प्रार्थना आणि मुक्ति हा होय. तो मराठींत उतरवितांना कोणत्या अडचणी आल्या, हें पाहिल्यावांचून ग्रंथाचें खरें मोल ठरत नाहीं.

ह्या विचारास ख्रिस्ती उपवासकाळाइतकें सोयीचें स्थान दुसरें नाहीं. राखेच्या बुधवारापासून ईस्टरच्या आदल्या शनिवारपर्यंत मोजल्यास दिवस ४६ भरतात. त्यांतील ६ रविवार वगळले कीं ४० उरतात. ख्रिस्तानें अरण्यांत केलेल्या चाळीस दिवसांच्या उपवासाचें हें स्मरण होय. गोव्यांत ह्यास करेज्म म्हणतात. हा पोर्तुगीज शब्दाचाच अपभ्रंश. उपवास, प्रार्थना व दानधर्म हीं ह्या व्रताचीं तीन अंगें, आणि ख्रिस्ताच्या दुःखसहनाचें श्रवण व चिंतन हा त्याचा गाभा. पंढरपूरच्या वाटेवर राहणाऱ्या आम्हां सोलापूरकरांस चातुर्मासांतील नेम व पोथीश्रवण परिचित असल्यामुळें ह्या काळाचें स्वरूप समजण्यास आयास पडत नाहींत.

आतां अनुतापाकडे वळूं. स्टीफन्स १५७५ सालीं रोम येथें जेझुइट संघांत दाखल झाला. त्यापूर्वीं, १५५१ मध्यें, ट्रेंटच्या धर्मसभेनें प्रायश्चित्त-संस्काराचीं तीन अंगें ठरवून दिलीं होतीं: अंतःकरणाचा पश्चात्ताप, धर्मगुरूपुढें पापाचा उच्चार आणि पापाची भरपाई. संस्कृतज्ञ वाचकास येथें मनुस्मृतीचा अकरावा अध्याय आठवल्याशिवाय राहणार नाहीं. तेथें पापमुक्तीचे उपाय म्हणून ख्यापन, अनुताप, तप व अध्ययन सांगितलीं असून, आपत्तींत दानाचीहि सोय ठेविली आहे. आणि पुन्हां असें करणार नाहीं ह्या निश्चयानें पापी शुद्ध होतो असेंहि म्हटलें आहे. हें साम्य वरवरचें नाहीं. कबूल करणें, झुरणें, सोसणें आणि निश्चय करणें ह्या चारहि गोष्टी दोहोंकडे आहेत. तेव्हां पश्चात्तापाची कल्पना परक्या धर्मानें मराठी मनास नव्यानें शिकविली, असें जे म्हणतात त्यांचें म्हणणें निराधार आहे.

मग भेद कोठें? तो शोधण्यासाठीं ख्रिस्ताच्या मरणकथेंतील तीन पात्रें पाहावीं. ही कथा चार शुभवर्तमानांत असून ख्रिस्तपुराणाचा दुसरा भाग, म्हणजे दुसरें पुराण, तिलाच अनुसरतो. पेत्र गुरूस तीन वेळां नाकारतो व कोंबडा आरवल्यावर बाहेर जाऊन रडतो. ज्यूदास तीस रौप्यमुद्रा परत नेऊन देतो, निर्दोष रक्ताचा घात केल्याचें पाप बोलून दाखवितो आणि गळफास घेतो. क्रूसावरचा चोर आपल्यास झालेली शिक्षा न्याय्य आहे असें कबूल करून, तुझ्या राज्यांत माझी आठवण ठेव, एवढेंच मागतो.

मनूच्या मापानें मोजूं गेल्यास ह्या तिघांत ज्यूदासच सर्वांत पुढें येतो. त्यास अनुताप आहे. त्यानें ख्यापन केलें आहे. पापाचें धनहि त्यानें टाकलें आहे. चोराजवळ तर तप करण्यास वेळ नाहीं आणि दान करण्यास द्रव्य नाहीं. तरीहि चोर तरतो आणि ज्यूदास बुडतो. कारण चोरानें मागितलें. ज्यूदासानें मागितलें नाहीं. आपल्या पापाचा निवाडा त्यानें स्वतःच केला व दंडहि स्वतःच घेतला. ख्रिस्ती मतानें प्रार्थना हें अनुतापाचें एक अंग नसून त्याचा प्राण आहे. तिच्यावांचून अनुताप म्हणजे केवळ निराशा. उपवासकाळांत उपवासाशेजारीं प्रार्थना कां ठेविली आहे, हें येथें कळतें.

ह्या चोराची अजामिळाशीं तुलना करण्याचा मोह होतो. पण ती विवेकानें करावी. भागवताच्या सहाव्या स्कंधांतील अजामिळ मरणकाळीं पुत्रास हांक मारितो आणि नाममाहात्म्यानें यमदूतांपासून सुटतो. पुढें त्यास खरा अनुताप होतो व तो गंगाद्वारीं जाऊन साधना करितो. म्हणजे तेथें नाम आधीं आणि अनुताप मागून. चोराच्या कथेंत अनुताप आधीं आणि याचना मागून. ज्या श्रोत्यांनीं पहिली कथा लहानपणापासून ऐकली होती, त्यांस दुसरी कथा ओवींत सांगणें म्हणजे परिचित पात्रांत निराळा रस ओतणें होय.

येथेंच पाठनिर्णयाचा प्रश्न उभा राहतो. ग्रंथ रायतूर येथें १६१६ सालीं छापला गेला. १६४९ व १६५४ मध्यें पुन्हां निघाला. ह्या तिन्ही आवृत्तींची एकहि छापील प्रत आज हातीं नाहीं. जे. एल. सालडाणा यांनीं १९०७ सालीं मंगळुरास हस्तलिखितांवरून रोमन लिपींत संहिता छापिली. शांताराम बंडेलू यांची देवनागरी आवृत्ति १९५६ सालीं निघाली. मध्यंतरीं, १९२३ मध्यें, रे. जस्टिन ॲबट यांनीं लंडन येथील मार्सडेन संग्रहांतील देवनागरी प्रत उजेडांत आणून तीच मूळ संहिता होय असें प्रतिपादिलें. ॲबट हे ज्या अमेरिकन मराठी मिशनचे, त्याचें कार्य आमच्या सोलापुरांतहि झालें. मराठी संतचरित्रांच्या त्यांच्या इंग्रजी भाषांतरांबद्दल आम्हांस आदर आहे. परंतु त्यांचा हा निर्णय आम्हांस घाईचा वाटतो.

रोमन पाठांत इग्रेज, बाप्तिज्म, स्पिरितु सांतु असे चर्चचे शब्द जसेच्या तसे येतात. देवनागरी पाठांत अशा शब्दांच्या जागीं संस्कृत शब्द आहेत. शुद्ध तें मूळ, हा न्याय पाठचिकित्सेंत चालत नाहीं. नकलकार अवघड शब्द काढून सोपा घालतो, हें खरें. पण धर्माधिकाऱ्यांच्या धाकानें संस्कृत शब्द काढून पोर्तुगीज घातला जाणेंहि तितकेंच शक्य आहे. म्हणून कसोटी छंदाची लावावी. ओवीच्या पहिल्या तीन चरणांस यमक असतें; वादाचा शब्द जेथें यमकस्थानीं येतो तेवढ्याच ओव्या निवडून दोन्ही पाठ ताडून पाहावे. यमक ज्या पाठांत सहज जुळतें, तो त्या स्थळीं बहुधा जुना.

ही केवळ शब्दांची कीस नव्हे. ग्रंथकारानें कांहीं शब्द परके ठेविले असतील, तर चर्चचा संस्कार व आमचें प्रायश्चित्त ह्यांतील सीमा त्यानें जाणून आंखली असें होईल. ते त्यानें संस्कृतांत घातले असतील, तर ती सीमा त्यानें पुसूं दिली. ग्रंथाच्या पहिल्याच अवस्वरांत एक ब्राह्मण विचारतो कीं, जुनीं पुराणें वर्ज्य केलींत तर आम्हांस दुसरीं कां देत नाहीं? त्या वर्ज्य करण्यामागें जप्त व नष्ट केलेल्या मराठी पोथ्यांचें दुःख आहे, हें ग्रंथाचें कौतुक करणाऱ्यानेंहि विसरूं नये. अशा मागणीवर रचलेल्या पुराणानें किती घेतलें व किती राखलें, ह्याचा हिशेब पाठ निश्चित झाल्यावांचून मांडतां येणार नाहीं.

म्हणून निदान ख्रिस्ताच्या दुःखसहनाचे अवस्वर तरी दोन्ही पाठ समोरासमोर देऊन छापले जावे, ही आमची सूचना आहे. संग्राहकांस एक विनंति. पोर्तुगालांतील ब्रागा येथील ग्रंथालयांत मराठी ओवीबद्ध कथा रोमन अक्षरांत उतरविलेल्या आहेत. तेव्हां जुन्या रुमालांत रोमन अक्षरांचा कागद आढळला, तर तो परकी म्हणून बाजूस न टाकतां एकदां मोठ्यानें वाचून पाहावा. डोळ्यांस न दिसलेली ओवी कानास ओळखूं येईल.