आजीचा गुंड

शीर्षक वाचून पुण्यामुंबईकडच्या वाचकांनी दचकू नये. आमच्या भंडाऱ्याकडे गुंड म्हणजे पाणी भरायचं पितळी भांडं. तुमच्याकडची घागर आणि हंडा यांचाच हा वैदर्भी भाऊबंद. पोट मोठं, गळा आखूड आणि स्वभाव थंड. इकडचे गुंड पाण्याच्या ओट्यावर बसतात. तिकडचे कशाकशावर बसतात ते आम्ही सांगायला नको.

पण आजीच्या गुंडाकडे वळण्यापूर्वी १५ डिसेंबर २०२३ च्या रात्री आमच्या घरी काय घडलं ते सांगणं भाग आहे. धान घरात आलेलं, थंडी पडलेली आणि ताटात वांग्याचं भरीत. अशा वेळी आमचा पुतण्या भरीत टाकून उठला. भंडारा जिल्ह्यात माणूस एक वेळ इस्टेट टाकून उठेल, पण हिवाळ्यातलं भरीत टाकून उठत नाही. आम्हांला वाटलं, पोरगा परीक्षेत नापास झाला किंवा प्रेमात पास झाला. विचारलं तर म्हणाला, "काका, रोहितले काढलं."

"कुठून काढलं?"

"कप्तानीतून. हार्दिकले केलं."

एवढं बोलून त्याने खुंटीवरची मुंबई इंडियन्सची निळी जर्सी काढली आणि काडेपेटी शोधू लागला. मुंबईत म्हणे लोक जर्सी नि टोप्या जाळत होते, मग भंडाऱ्यानं मागं राहून कसं चालेल? आमची सौभाग्यवती मात्र शांत होती. ती म्हणाली, "जाळतोस कशाला? चांगला कपडा आहे. फरशी पुसायला दे." अशा रीतीनं एका ऐतिहासिक आंदोलनाचा शेवट फिनेलच्या बादलीत झाला.

ज्यांना क्रिकेटचं वावडं आहे त्यांच्यासाठी थोडा पूर्वेतिहास. हार्दिक पंड्या २०१५ साली मुंबईकडून खेळू लागला आणि इथंच मोठा झाला. २०२२ च्या लिलावाआधी मुंबईनं चार खेळाडू ठेवून घेतले, त्यांत तो नव्हता. मग गुजरातच्या नव्या संघानं त्याला कप्तान केलं. त्यानं पहिल्याच वर्षी अजिंक्यपद आणलं आणि दुसऱ्या वर्षी संघाला अंतिम सामन्यापर्यंत नेलं. तेव्हा मुंबईला आठवलं की अरे, हा तर आपलाच! नोव्हेंबर २०२३ मध्ये रोख पैसे मोजून, बदल्यात एकही खेळाडू न देता, त्याला परत आणलं. म्हणजे लेक सासरी दिली आणि सासरची भरभराट झालेली पाहून दागिन्यांसकट माघारी आणली. अहमदाबादचे लोक चिडले की आमचा हुकमी खेळाडू विकला. मुंबईचे चिडले, कारण याला बसवायला पाच अजिंक्यपदं मिळवून देणाऱ्या रोहित शर्माला खुर्चीवरून उठवलं. एकाच व्यवहारात दोन्ही गावं नाराज करण्याचं हे कसब आमच्या मते फक्त लग्न जमवणाऱ्यांनाच साधतं.

आता तुम्ही विचाराल, मुंबईपासून नऊशे किलोमीटरवर बसून भंडाऱ्यानं एवढं मनाला का लावून घ्यावं? हा प्रश्न आम्ही आमच्या शेजारच्या निवृत्त गुरुजींना विचारला. गुरुजींनी चष्मा पुसला आणि म्हणाले, "रोहितचा जन्म कुठला?"

"नागपूरचा."

"नागपूर आपल्यापासून किती?"

"साठेक किलोमीटर."

"मग आपलाच झाला न जी!"

रोहित लहानपणीच बोरिवलीला गेला, तिथंच वाढला, हे सांगायचा आम्ही प्रयत्न केला. गुरुजी म्हणाले, "आपला मानूस बाहेर गेल्याशिवाय मोठा होतच नाही." यावर आमच्याजवळ उत्तर नव्हतं. आमच्या जिल्ह्यात वैनगंगा आहे, तांदूळ आहे, तलाव आहेत, पण वीस षटकांचा संघ नाही. ज्याच्या घरी गाय नाही तो शेजारच्या गाईवर जास्त प्रेम करतो. दूध मिळत नाही, म्हणून हिशेबाची भानगडही नाही!

आता गुंड.

भंडारा पितळेच्या भांड्यांसाठी प्रसिद्ध. आमच्या लहानपणी ठोकण्याचा आवाज ऐकूनच सकाळ झाल्याचं कळायचं. आजीचा गुंड तिच्या लग्नात तिच्याबरोबर आलेला. त्यावर तिच्या वडिलांचं नाव कोरलेलं होतं. हल्ली जर्सीच्या पाठीवर नाव असतं तसं, फक्त आमचं नाव धुतल्यावर जात नसे. आजी रोज चिंच लावून तो घासायची आणि त्यात तोंड बघून कुंकू लावायची.

एकदा आजी पवनीला बहिणीकडे गेली असताना आमच्या बाबांनी हा गुंड मोडीत घातला. ते दिवस स्टीलचे होते. ज्याच्या घरी स्टील नाही तो मागासलेला, असा समज होता. बाबांनी गुंड आणि दोन गंज कासाराकडे नेले, काट्यावर घातले, वर थोडे पैसे टाकले आणि नळ असलेली एक चकचकीत स्टीलची टाकी घेऊन विजयी मुद्रेनं घरी आले. व्यवहार म्हणून पाहिलं तर तो चोख होता. गुंडाला बारीकसं छिद्र पडलेलं होतं, डाग देऊन देऊन त्याचं बूड गोधडीसारखं झालं होतं. टाकी हलकी, नळाची, घासायला सोपी. कुठल्याही संघाच्या व्यवस्थापकानं हाच निर्णय घेतला असता.

आजी परत आली. ओट्याकडे बघून उंबऱ्यातच थांबली. मग बाबांना एवढंच म्हणाली, "इकला त इकला. पन मले एका शब्दानं इचारलं असतंस त का बिघडलं असतं?"

बाबांनी वर्तमानपत्र वर केलं.

त्यानंतर आजी गुंडाबद्दल बोलली नाही. तिचा सगळा राग टाकीवर निघाला. ती टाकीला 'टिनपाट' म्हणायची. नळ हळू असला की "मुतऱ्या" म्हणायची. पाणी गरम लागलं तर टाकीमुळे, जास्त थंड लागलं तरी टाकीमुळे. आम्हां पोरांना हा खेळ फार आवडला. येताजाता आम्ही चमच्यानं टाकी बडवायचो आणि आजी खूष व्हायची. टाकी स्वतःच्या पायानं चालत आमच्या घरी आली नव्हती, हे आम्हांला कळत नव्हतं असं नाही. पण टाकी बडवायला सोपी होती, बाबा बडवायला कठीण.

क्रिकेटरसिकांच्या वागण्यावर आमची जी काही टीका आहे ती इथं संपते. पुढचं केवळ पुराव्यादाखल.

मार्च २०२४ मध्ये सामने सुरू झाले. २४ तारखेला अहमदाबादेत हार्दिकची हुर्यो उडाली. ते एक वेळ समजू शकतं. गेलेल्या गुंडाबद्दल तो राग होता. पण १ एप्रिलला वानखेडेवर, स्वतःच्या घरच्या मैदानावरही तेच! नाणेफेकीला संजय मांजरेकरांना माईकवरून प्रेक्षकांना नीट वागा म्हणून सांगावं लागलं. सामन्यात खुद्द रोहितनं गप्प राहा अशी हातानं खूण केली. मोडीत गेलेला गुंडच टाकी बडवू नका म्हणतोय, पण चमचे थांबेनात. १४ एप्रिलला तर कहर झाला. रोहितनं शतक ठोकलं, हार्दिकच्या शेवटच्या षटकात धोनीनं लागोपाठ तीन षटकार मारले आणि मुंबई नेमकी वीस धावांनी हरली. आमचा पुतण्या म्हणाला, "बघा! सांगत नव्हतो?" संघ दहाव्या म्हणजे शेवटच्या क्रमांकावर राहिला, त्याचा त्याला दुःखापेक्षा आनंदच जास्त झाला.

आम्ही त्याला विचारलं, "अरे, कप्तान बदलला कुणी?"

"मालकांनी."

"मग हुर्यो त्यांची का नाही?"

तो थोडा वेळ विचारात पडला आणि म्हणाला, "काका, ते मैदानात येत नाहीत न!"

आजीच्या कोर्टातदेखील बाबा याच मुद्द्यावर सुटले होते.

सगळ्या जगात असंच चालतं असं मात्र नाही. १९८८ साली कॅनडात एडमंटन नावाच्या गावी असाच प्रसंग आला होता. तिकडची हॉकी बर्फावरची. त्यात वेन ग्रेट्झकी हा गोल करण्यात देवमाणूस. एका मोसमात ९२ गोल त्यानं केलेले, पाच वर्षांत संघाला चार वेळा स्टॅनली चषक मिळवून दिलेला. जुलैत त्याचं गावात थाटामाटानं लग्न झालं आणि ९ ऑगस्टला मालकानं त्याला अमेरिकेतल्या लॉस एंजेलिसच्या संघाला विकून टाकलं. दीड कोटी डॉलर, दोन तरुण खेळाडू आणि पुढच्या काही वर्षांचे निवडीचे हक्क, असा सौदा. एका खासदारानं तर सरकारनंच हा व्यवहार रोखावा अशी मागणी केली. लोकांनी मालकाचा पुतळा जाळला. थोडा दोष नव्या नवरीला, एका अमेरिकन नटीला, दिला गेला. सून आली नि पोरगा हातचा गेला, हे तत्त्वज्ञान बर्फातही उगवतं हे वाचून आमचा मानवजातीच्या एकतेवरचा विश्वास वाढला. पण ऑक्टोबरमध्ये तोच ग्रेट्झकी परक्या संघाचा पोशाख घालून एडमंटनला खेळायला आला, तेव्हा लोक उठून उभे राहिले आणि टाळ्या वाजवीत राहिले. पुतळा मालकाचा आणि टाळ्या खेळाडूला. पत्ता बरोबर लिहिला होता.

आणि आमची हॉकी? डिसेंबर १९९८ मध्ये बँकॉकला भारतानं ३२ वर्षांनी एशियाडचं सुवर्णपदक मिळवलं. कप्तान होता खडकीचा धनराज पिल्ले, चांगला महाराष्ट्राचा माणूस. त्याचं बक्षीस काय? पुढच्या मालिकेचा संघ निवडला तेव्हा धनराज आणि त्याच्याबरोबरचे काही ज्येष्ठ खेळाडू बाहेर. 'विश्रांती दिली' असं कारण. आम्ही ती बातमी भंडाऱ्यात पोह्यांबरोबर वाचली, "अरेरे" म्हणालो आणि आणखी थोडी तर्री मागितली. एकही सदरा जळला नाही. कारण उघड आहे: धनराजच्या नावाचा सदरा बाजारात मिळत नव्हता. आमचा संताप हल्ली संघाच्या दुकानातून विकत आणावा लागतो आणि तो ज्यांनी विकला त्यांच्यावर सोडून बाकी सगळ्यांवर निघतो. जर्सीचे पैसे त्यांना मिळालेच आहेत. ती तुम्ही घाला, जाळा, नाहीतर फरशी पुसा.

२९ जून २०२४ ला बार्बाडोसला विश्वचषकाचा अंतिम सामना झाला. शेवटच्या षटकात दक्षिण आफ्रिकेला सोळा धावा हव्या, कप्तान रोहित आणि चेंडू हार्दिकच्या हाती. पहिल्याच चेंडूवर मिलर गेला, सात धावांनी आपण जिंकलो, आणि हार्दिक रडला. आमच्या घरी गुरुजीही रडले. ४ जुलैला विजयी संघ वानखेडेवर आला, तेव्हा त्याच गर्दीनं 'हार्दिक, हार्दिक' असा घोष केला. तीन महिन्यांपूर्वी चुकलो, असं कुणी म्हटल्याचं आमच्या तरी कानांवर आलं नाही. गर्दीत हा मोठा फायदा असतो: शिवी सगळे मिळून देतात, माफी मागायला मात्र कुणीच शिल्लक राहत नाही.

पुतण्यानं घरभर जर्सी शोधली. सौभाग्यवतीनं ती बादलीतून काढून, धुऊन, वाळत घातली. फिनेलचा वास गेला नव्हता. तो तशीच घालून चौकात नाचून आला.

राहता राहिले बाबा. दुसऱ्याच दिवशी ते कोणाला न सांगता कासाराकडे गेले होते, हे आम्हांला फार उशिरा कळलं. गुंड भट्टीत गेलेला होता. कासार म्हणाला, "भाऊ, तोच गुंड कुठून आनू? त्याच पितळेचा दुसरा घेऊन जा." बाबांनी घेतला. आजीनं तो उलटासुलटा करून पाहिला, नाव नाही म्हणाली, पण भरून ठेवला. बाबांनी चूक कबूल केली नाही आणि आजीनं कबूल करायला लावलंही नाही. फक्त नंतर घरातलं जुनं काही काढायचं झालं की बाबा दारात उभे राहून विचारायचे, "माय, हे देऊ का?" आजी बहुतेक वेळा "दे" म्हणायची.

टाकी मात्र पुढं वीस वर्षं टिकली. तिच्या अंगावरचे चमच्यांचे पोचे आमचे होते. तिची माफी आम्ही अजून मागितलेली नाही.

नोव्हेंबर २०२४ मध्ये जेद्दाला पुन्हा मोठा लिलाव झाला. दहाही संघांची मोड पुन्हा भट्टीत गेली. पुतण्या टीव्हीसमोर बसला होता. एकेक नाव पुकारलं जात होतं नि त्याचा चेहरा उतरत होता. शेवटी तो उठून खुंटीकडे गेला.

सौभाग्यवती स्वयंपाकघरातून म्हणाली, "फरशीला आता दुसरं फडकं आहे. ती तिथंच राहू दे."